तुमच्या भागातला डीपी रस्ता कुणाच्या पैशातून होतो? पुण्याच्या नव्या हद्दीत राहायला आलेल्यांसाठी

पुण्याच्या कडेला घर घेतलेल्या बहुतेकांनी माहितीपत्रकातला एक नकाशा पाहिलेला असतो. सोसायटीच्या दारावरून १८ किंवा २४ मीटरचा रस्ता सरळ मुख्य रस्त्याला जाऊन मिळतो, असं त्यात दाखवलेलं असतं. ताबा मिळतो, माणसं राहायला येतात, आणि तो रस्ता अजून कुणाच्या तरी उसाखाली असतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत राहतो: आपण एवढा कर भरतो, मग रस्ता का होत नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो विचारताना आपण बहुधा चुकीच्या दारात उभे असतो. खड्डे बुजवणाऱ्या अभियंत्याच्या हातात नवा रस्ता नसतो. नव्या रस्त्याचा पैसा वेगळ्या वाटेने येतो आणि वेगळ्याच ठिकाणी अडतो. ती वाट कशी शोधायची, हे इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. उदाहरण पुणे महापालिकेचं घेतलं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ अखेर २३ गावं हद्दीत आली, आणि हा प्रश्न एकदम हजारो कुटुंबांचा झाला. (त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे स्वतंत्र नगरपरिषदेसाठी वगळली गेली.) कायदे राज्याचेच असल्यामुळे नाशिक, ठाणे किंवा कोल्हापुरात राहणाऱ्यांनाही बराचसा भाग लागू पडेल. मुंबई महापालिकेचा कायदा मात्र वेगळा आहे.

पहिली पायरी: रस्ता कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

लोक सरसकट 'रस्ता' म्हणतात, पण कागदावर तो चारपैकी एका प्रकारचा असतो. विकास आराखड्यात आखलेला तो डीपी रस्ता. प्रादेशिक योजनेत आखलेला तो आरपी रस्ता. नव्याने आलेल्या गावांमध्ये हे बरेच आढळतात. बिल्डरच्या मंजूर रेखांकनातला तो ले-आउटचा रस्ता. आणि वर्षानुवर्षं लोक वापरतात पण कुठल्याच नकाशात नाही, ती वहिवाट.

याने फरक काय पडतो? ले-आउटचा रस्ता बिल्डरने स्वतःच्या खर्चाने करायचा असतो. तो झाला नसेल तर महापालिकेकडे निधी मागण्याआधी मंजूर नकाशा आणि त्यातल्या अटी वाचा. वहिवाटीवर महापालिका सहसा पैसा घालत नाही, कारण खालची जागा तिची नसते. नकाशात नसलेला रस्ता हवाच असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २०५ खाली नवा रस्ता आखता येतो आणि असलेल्या रस्त्याची रस्तारेषा कलम २१० खाली रुंद करता येते. पण आखणी म्हणजे तरतूद नव्हे. उरतात डीपी आणि आरपी रस्ते, आणि खरा प्रश्न त्यांचाच असतो.

तुमच्या सोसायटीचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर घेऊन झोन दाखला आणि आराखड्याचा भागनकाशा काढा. त्यावर रस्त्याची रुंदी आणि तो कोणकोणत्या गटांतून जातो ते दिसतं. हा कागद हातात नसताना कुठल्याही साहेबांना भेटायला जाऊ नका, अर्धा वेळ 'कुठला रस्ता?' यातच जातो.

आराखड्यात रेघ आहे म्हणजे रस्ता होणार, असंही समजू नका. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखालचा (याला सगळे एमआरटीपी म्हणतात) विकास आराखडा वीस वर्षांचा विचार करून आखतात. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यात 'एचसीएमटीआर' (हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट) हा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. त्या रेघेखाली किती घरांच्या परवानग्या अडकल्या, किती व्यवहार तुटले, हे कोथरूडपासून येरवड्यापर्यंतच्या जुन्या लोकांना विचारा. मार्ग आजही झालेला नाही.

दुसरी पायरी: जागा कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रस्त्याचा मोठा खर्च डांबरात किंवा काँक्रीटमध्ये नसतो, जागेत असतो, आणि ही एक गोष्ट समजली की पुढची सगळी कोडी सुटायला लागतात.

हिशेबच मांडू. १८ मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्ता म्हणजे १८,००० चौरस मीटर जागा. त्या भागातला जमिनीचा रेडीरेकनर दर (सरकारने ठरवलेला बाजारभाव) २०,००० रुपये चौरस मीटर धरला, तर जागेची किंमत ३६ कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी हद्दीत बाजारमूल्यावर तेवढंच दिलासा मूल्य द्यावं लागतं, म्हणजे ७२ कोटी. झाडं, विहीर, बांधकाम आणि दरम्यानच्या काळाची १२ टक्क्यांची वाढ वेगळी. यात अजून एक खडीही पडलेली नाही. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या भागाचा दर रेडीरेकनरमध्ये पाहून हाच गुणाकार स्वतः करा. तो केल्याशिवाय 'एवढासा रस्ता करायला काय जातं' हे वाक्य सोडवत नाही.

एवढी रोख रक्कम कुठलीही महापालिका प्रत्येक रस्त्याला देऊ शकत नाही. म्हणून एमआरटीपीच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत: मालकाशी वाटाघाट करून मोबदला देणं, मोबदल्याऐवजी एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा विकास हक्क) देणं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सक्तीचं भूसंपादन.

महापालिकेची आवडती वाट अर्थातच टीडीआरची, कारण त्यात तिजोरीतून रोख जात नाही. दाट वस्ती सोडून इतर भागात दिलेल्या जागेच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. मालक तो बिल्डरला विकतो आणि बिल्डर दुसरीकडे जादा मजले चढवतो. वापरताना दोन्ही ठिकाणच्या रेडीरेकनर दरांचं गुणोत्तर लावतात, त्यामुळे स्वस्त भागातला टीडीआर महाग भागात नेला की क्षेत्र आकसतं. या पद्धतीने शहराला रस्ते मिळाले हे खरं आहे. पण तो बोजा नाहीसा होत नाही, तुमच्या रस्त्याची किंमत दुसऱ्या एखाद्या रस्त्यावर वाढलेल्या गर्दीतून फेडली जाते. टीडीआरला 'फुकट' म्हणणारा अधिकारी भेटला, तर त्याला हे जरूर विचारा.

शेतकऱ्याची बाजूही समजून घ्या. ज्याचा पाऊण एकरच शिल्लक आहे आणि त्यातला निम्मा रस्त्यात जातो, त्याला टीडीआरचं प्रमाणपत्र नको असतं, रोख हवी असते. टीडीआरचा भाव बाजारावर चढतो-उतरतो, प्रमाणपत्र निघायला वेळ लागतो, वारसांच्या नोंदी झालेल्या नसतात, सात-बारावर बँकेचा बोजा असतो. अशा माणसाला 'विकासाच्या आड येणारा' म्हणणं अन्यायाचं आहे. तो फक्त आपल्या जमिनीची किंमत मागत असतो, आणि आपणही तेच केलं असतं.

कात्रज-कोंढवा रस्ता हे याचं पुण्यातलं सर्वांना ठाऊक उदाहरण. ८४ मीटर रुंदीने ठरलेला रस्ता जागा ताब्यात येईना म्हणून ५० मीटरवर आणावा लागला, आणि तरीही काम वर्षानुवर्षं जागेपाशीच अडत राहिलं. ठेकेदार नेमला होता, निविदा झाली होती. जागा नव्हती.

कलम १२७ ही तारीख तपासायची जागा. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. म्हणजे नुसतं थांबून राहिलं तर तुमचा रस्ता नकाशातूनच जाऊ शकतो. तुमच्या रस्त्यातल्या एखाद्या गटाची अशी नोटीस आली आहे का, हे भूसंपादन विभागाला लेखी विचारा.

करायचं काम एवढंच: रस्ता ज्या गटांतून जातो त्यांचा एक तक्ता बनवा. गट नंबर, रस्त्यात जाणारं क्षेत्र, ताबा आहे की नाही, मोबदल्याचा कोणता मार्ग सुरू आहे, कुठे अडलं आहे. एक किलोमीटरच्या रस्त्यात बहुधा दोन-तीन गटच अडलेले निघतात. त्यानंतर मागणी 'रस्ता करा' अशी मोघम उरत नाही, 'गट अमुकचा मोबदला द्या' अशी नेमकी होते.

तिसरी पायरी: पैसा कुठल्या खिशातून येतो

पहिला खिसा विकास शुल्काचा. एमआरटीपीच्या कलम १२४-अ खाली बांधकाम परवानगी देताना ते घेतात, १९९२ पासून ही तरतूद आहे. निवासी प्रकल्पाला भूखंडाच्या क्षेत्रावर जमिनीच्या रेडीरेकनर दराच्या अर्धा टक्का आणि बांधकाम क्षेत्रावर २ टक्के, व्यापारीला त्याच्या दुप्पट. वरचाच २०,०००चा दर धरा. ५,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १०,००० चौरस मीटर निवासी बांधकाम झालं, तर भूखंडाचे ५ लाख आणि बांधकामाचे ४० लाख, मिळून ४५ लाख. आता हे त्या ७२ कोटींच्या शेजारी ठेवून पाहा. विकासाने आपला रस्ता आपल्या पैशाने करावा हे तत्त्व ऐकायला सरळ आहे, पण नुसत्या या शुल्कातून तो होत नाही. हे पैसे वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सोयींवर खर्चावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे. तुमच्या भागातून किती शुल्क जमा झालं आणि तुमच्या भागात किती खर्च झालं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

याहून मोठी रक्कम प्रिमियममधून, म्हणजे जादा एफएसआयसाठी बिल्डर भरतो त्या पैशातून येते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या मूळ तक्त्यानुसार पुण्यासारख्या शहरात, दाट वस्ती सोडून, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर निवासी एफएसआय १.१० वरच थांबतो. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर प्रिमियम आणि टीडीआर धरून तो २ पर्यंत जातो, ३० मीटर किंवा जास्त रुंद रस्त्यावर ३ पर्यंत. पूरक चटईक्षेत्र त्यावर आणखी. हा तक्ता नीट समजून घ्या, कारण बिल्डरला तुमच्याइतकाच रस्ता का हवा असतो ते त्यात आहे. रस्ता रुंद झाला की त्याची जमीन उंच होते. रस्त्याच्या प्रश्नावर बिल्डरला विरोधक समजू नका, त्याला आपल्या बाजूला उभं करा आणि त्याला होणाऱ्या फायद्याचा वाटा रस्त्याच्या कामासाठी मागा.

नव्या गावांची एक खास अडचण आहे. २३ गावं महापालिकेत आली तेव्हा तिथल्या नियोजनाचे आणि बांधकाम परवानगीचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) राहिले. शुल्क एका तिजोरीत जमा झालं आणि रस्ता, पाणी, कचरा यांची मागणी दुसऱ्याच्या दारात आली. तुमच्या प्रकल्पाची परवानगी कुणी दिली, ते परवानगीच्या कागदावरच्या शिक्क्यावरून कळतं. शुल्काचा हिशेब त्यांच्याकडेच मागायचा.

मिळकतकराच्या बिलात पथकर नावाची ओळ असते. ती वाचून 'मग रस्ता कुठे' असं वाटणं साहजिक आहे, पण मिळकतकराचा मोठा भाग पगार, पाणी, सफाई, वीज आणि असलेल्या रस्त्यांच्या डागडुजीत जातो. जकात पुण्यात मार्च २०१३ अखेर गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही बहुतांशी २०१५ मध्ये गेला. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करापोटी राज्य सरकार दरमहा भरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढीने. हे उत्पन्न खात्रीचं आहे, पण तुमच्या भागात किती इमारती वाढल्या याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

घराच्या नोंदणीला भरलेलं मुद्रांक शुल्क आठवा. पुण्यात साधारण ७ टक्के: ५ राज्याचे, १ स्थानिक संस्थेसाठीचा, १ मेट्रो अधिभार. (महिलेच्या नावे घर असेल तर एक टक्का सवलत.) मधला एक टक्का महापालिकेच्या वाट्याचा, पण तो राज्यामार्फत फिरून येतो.

मग राज्य आणि केंद्राचे निधी. नगरोत्थान महाअभियानातून शहरांतल्या रस्त्यांना पैसे मिळतात, त्यात महापालिकेलाही हिस्सा घालावा लागतो. राष्ट्रीय महामार्गाला लागून काम असेल तर महामार्ग प्राधिकरण बांधतं. चांदणी चौकात तसंच झालं: बांधकाम प्राधिकरणाचं, जागा महापालिकेने मिळवून दिलेली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो खुला झाला. तिथेही सगळ्यात जास्त वेळ जागेनेच खाल्ला. आमदार आणि खासदार निधी सोसायटीजवळच्या गल्लीच्या काँक्रीटला ठीक आहे, डीपी रस्त्याला तो पुरणार नाही. तो मागून आमदारांना वर्षभर फ्लेक्सवर झळकवण्यापेक्षा, भूसंपादनाची बैठक लावून द्या असं त्यांना सांगा. त्यांचा खरा उपयोग तिथे आहे.

कर्जरोख्यांबद्दल थोडंसं. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, ते समान पाणीपुरवठ्यासाठी. रस्त्यांसाठी रोखे हैदराबादने काढले, २०१८ मध्ये, २०० कोटींचेच. रोखे म्हणजे उत्पन्न नव्हे, पुढच्या करांतून फेडायचं कर्ज आहे. त्यामुळे मोठ्या उड्डाणपुलाला ते शोभतं, वस्तीतल्या रस्त्याला नाही.

चौथी पायरी: जागा विकत न घेता रस्ता होईल का ते पाहा

वरचे आकडे पाहिल्यावर कुणालाही वाटेल की मग रस्ते होतात तरी कसे. चांगले झालेले बरेच रस्ते पैसे न मोजता मिळालेल्या जागेवर झाले आहेत.

मोठ्या प्रकल्पात बिल्डर आपल्या हद्दीतून जाणारी डीपी रस्त्याची पट्टी देऊन टाकतो आणि त्याचा एफएसआय उरलेल्या भूखंडावर वापरतो. रस्ता बांधूनही दिला तर त्याचा वेगळा टीडीआर मिळतो. पुणे महापालिकेने खराडी-मुंढवा भागात क्रेडिट नोटची पद्धत आणली: खासगी भागीदाराने रस्ता किंवा पूल बांधायचा, महापालिकेने रोखीऐवजी क्रेडिट नोट द्यायची, आणि ती पुढे विकास शुल्कासारख्या देण्यांत वळती करायची. रस्ता लवकर होतो. पण महापालिकेचं उद्याचं उत्पन्न आज वापरलं जातं, म्हणून पूर्वगणनपत्रकातले (कामाच्या खर्चाच्या अंदाजातले) दर कुणी तपासले आणि त्या रस्त्याने नागरिकांची सोय होते की एका जमिनीची, हे पाहिलंच पाहिजे.

मला स्वतःला यापेक्षा नगररचना योजना जास्त न्याय्य वाटते. त्यात सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढतात आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्त्यावर तोंड असलेला भूखंड परत देतात. वाढलेल्या किमतीचा काही भाग सुधारणा अंशदान म्हणून वसूल होतो, त्यातून रस्ते होतात. रस्त्यात ज्याची जमीन येते तोच बुडतो आणि शेजारचा मालामाल होतो, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा अन्याय यात टळतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत आपल्याकडे आहे. गुजरातने ती नेटाने चालवली, अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बराचसा तिच्या आधाराने उभा राहिला. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणची योजना पीएमआरडीएने जवळपास अडीचशे हेक्टरवर आखली. तुमच्या गावात अशी योजना जाहीर होत असेल तर शेतकऱ्यांइतक्याच आस्थेने तिच्या सभांना जा. मुदतीत हरकत-सूचना दिली नाही तर नंतर दार बंद होतं.

पाचवी पायरी: अंदाजपत्रकात तुमचा रस्ता शोधा

महापालिकेचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं. आयुक्त ते स्थायी समितीला देतात, समिती त्यात भर घालते, मुख्य सभा मंजूर करते. पथ विभागाचे भांडवली कामांचे लेखाशीर्ष उघडा, मग भूसंपादनाचे. दोन्हीकडे पाहायचं, कारण पथ विभागात ५ कोटी दिसतात आणि भूसंपादनात तुमच्या रस्त्यासाठी शून्य असतं, अशा तरतुदीला काही अर्थ नसतो.

तरतुदीचा आकडा पाहून सोसायटीत पेढे वाटू नका. शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो, तो वाचा. जमेची बाजू फुगवून शेकडो कामांना थोडी थोडी तरतूद देण्याची सवय जुनी आहे. वर्षाच्या शेवटी 'वर्गीकरण' होतं, म्हणजे न वापरलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळते. जागा ताब्यात नसलेला रस्ता वर्गीकरणाला सगळ्यात आधी बळी पडतो. काम अनेक वर्षं चालणार असेल तर पुढच्या वर्षांचं दायित्व कलम ७२-ब खाली मान्य झालं आहे का, ते विचारा. नसेल तर पहिल्या वर्षी तीनशे मीटर होऊन थांबतं.

नागरिकांच्या सूचनांसाठी सहभागी अंदाजपत्रकाची सोय आहे, पण तिच्यातून पदपथ, दिवे, बाकं अशी छोटी कामं होतात. डीपी रस्त्यासाठी त्या अर्जावर वेळ घालवू नका.

सहावी पायरी: काय मागायचं आणि कधी

आयुक्त आपलं अंदाजपत्रक मांडतात त्याच्या आधी, म्हणजे दिवाळीपूर्वीच, मागणी पोचली पाहिजे. मार्चमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षासाठी असतो.

अर्ज एका पानाचा करा. रस्त्याचा आराखड्यातला संदर्भ, लांबी, रुंदी, किती सदनिकांना लागू, मग गटांचा तो तक्ता, आणि शेवटी दोनच मागण्या: अमुक गटांच्या मोबदल्यासाठी भूसंपादनात तरतूद, आणि ताबा असलेल्या भागाचं पूर्वगणनपत्रक. एक प्रत पथ विभागाला, एक भूसंपादनाला, एक क्षेत्रीय कार्यालयाला, आणि प्रत्येकीवर आवक क्रमांक घ्या. शेजारच्या चार-पाच सोसायट्यांच्या सह्या एकाच अर्जावर असू द्या; पाच वेगळे अर्ज पाच वेगळ्या टेबलांवर जातात. गावातल्या जमीनमालकांपैकी जे द्यायला तयार आहेत त्यांची संमती जोडता आली तर उत्तमच. नवे रहिवासी आणि मूळ गावकरी एकत्र आले की फाईल वेगाने हलते. एकमेकांविरुद्ध अर्ज करायला लागले की तीच फाईल अभिप्रायासाठी फिरत बसते.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. त्याआधी सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फाईल पाहायला मिळते का ते बघा. अभिलेख अवलोकनाची ही सोय स्थानिक संस्थांमध्ये आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. फाईलमधली टिपणं वाचली की काम कुणाच्या टेबलावर, कोणत्या शेऱ्याने थांबलंय ते थेट दिसतं.

अजून घर घेतलं नसेल तर

बिल्डरला तीन कागद मागा: डीपी रस्त्याच्या जागेचा ताबा महापालिकेला दिल्याचा पुरावा, प्रकल्पाच्या परवानगीत पोहोच रस्ता कोणता दाखवला आहे तो नकाशा, आणि मुख्य रस्त्यापर्यंतच्या मधल्या गटांची स्थिती. बिल्डर आपल्या हद्दीतला रस्ता दाखवतो, गाडी मात्र मधल्या गटांतून न्यावी लागते. तिसरा कागद तो देऊ शकला नाही तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी स्वतः आराखड्याचा भागनकाशा घेऊन त्या आखणीवरून एकदा मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा, आणि वाटेत कुंपण लागेल तिथे गट नंबर लिहून घ्या.